साठी उलटल्यावर सिसेरो मागे का फिरला

सिसेरोचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी सांगतात. एक म्हणजे तो रोमचा सगळ्यात मोठा वक्ता होता, आणि दुसरी म्हणजे म्हातारपणी सीझरच्या पोरसवदा वारसानं, ऑक्टेव्हियननं, त्याला सहज गुंडाळलं. साठी बुद्धी नाठी, विषय संपला. मला हे दुसरं काही पटत नाही, आणि का पटत नाही ते आज सविस्तर लिहायचंय, कारण बरेच दिवस मी त्याची पत्रं वाचतोय (भाषांतरातूनच, लॅटिन येत नाही मला) आणि त्या पत्रांमध्ये जो माणूस भेटतो तो भोळा तर मुळीच नाहीये.

मागची गोष्ट पटकन सांगतो. जन्म इ.स.पू. १०६ चा, आर्पिनम नावाच्या लहान गावातला, घराण्यात आधी कोणी कॉन्सल झालेलं नव्हतं, आणि तरी कोर्टातल्या भाषणांच्या जोरावर हा ६३ साली कॉन्सल झाला म्हणजे त्या वर्षापुरतं रोमचं सगळ्यात वरचं पद. त्याच वर्षी कॅटिलाइनचा सत्ता उलथवायचा कट उघडकीला आणला आणि कटातल्या पाच जणांना खटला न चालवता मारायला लावलं. हे पाच जण त्याला जन्मभर पुरले. त्यावरूनच त्याचा वैरी क्लोडियस यानं कायदा करून ५८ साली त्याला हद्दपार केलं, पुढच्या वर्षी तो परत आला पण आधीचं वजन काही परत आलं नाही. मारलेल्या पाचांपैकी लेंट्युलस हा मार्क अँटनीचा (पुढे सिसेरोचा मोठा वैरी झाला तो) सावत्र बाप होता आणि अँटनीची बायको फुल्विया ही त्या क्लोडियसची विधवा, म्हणजे अँटनीच्या घरात सिसेरोचं नाव कसं घेतलं जात असेल ते वेगळं सांगायला नको.

मग सीझर आणि पॉम्पीचं युद्ध. सिसेरो आधी बरेच दिवस कुंपणावर, मग पॉम्पीकडे गेला, ४८ साली फार्सेलसला पॉम्पी हरला आणि हा इटलीतल्या ब्रुंडिझियम बंदरात जवळजवळ वर्षभर सीझर माफ करतोय का याची वाट बघत बसून राहिला. माफी मिळाली. पण घर मोडलं होतं, बायको टेरेन्शियाशी घटस्फोट झाला आणि ४५ च्या फेब्रुवारीत लेक टुलिया बाळंतपणानंतर गेली. ती त्याचा जीव की प्राण होती. त्यानंतर तो अस्तुराला समुद्राकाठच्या घरी जाऊन राहिला आणि तिथून जिवलग मित्र अ‍ॅटिकसला लिहितो की सकाळी दाट रानात शिरतो ते संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही, कोणाशी बोलत नाही, पुस्तकांशीच काय ते बोलणं आणि त्यातही मधेमधे रडू येतं. त्या एकदीड वर्षात त्यानं जे लिहिलंय त्याचं आजही आश्चर्य वाटतं, सुखदुःख, देव, शकुन, म्हातारपण, मैत्री, एकामागून एक पुस्तकं.

म्हणजे बघा, वय साठीच्या पुढे, राजकारणात किंमत शून्य, घरात माणूस गेलेलं, हातात लिहिण्याचं काम. आपल्याकडे असं कोणी असतं तर चार लोक म्हणाले असते, झालं की आता सगळं, देवाचं करा. आणि तो खरंच तसाच राहिला असता कदाचित.

या काळातलं एक पत्र मला फार आवडतं. ४५ चा डिसेंबर, सॅटर्नेलियाचे सणाचे दिवस, आणि सीझर प्युटिओलीजवळच्या घरी सिसेरोकडे जेवायला आला. एकटा नाही, बरोबर दोन हजार माणसं! आदल्या रात्री तो शेजारी फिलिपसकडे उतरला होता तिथे सैनिकांची इतकी गर्दी झाली की सीझरला जेवायला खोली मोकळी मिळायची मारामार, ते ऐकून सिसेरोच्या पोटात गोळा आला की उद्या आपलं कसं होणार, मग कोणीतरी पहारे लावून दिले आणि शेतात तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी सीझर दुपारपर्यंत हिशोब बघत बसला, समुद्रावर फिरून आला, आंघोळ केली, मग पोटभर जेवला. त्याच्या लोकांसाठी वेगळ्या तीन खोल्यांमध्ये पंगती, अगदी गुलामांपर्यंत कोणाला काही कमी पडू दिलं नाही. आणि मग सिसेरो लिहितो की पाहुणा काही असा नाही ज्याला म्हणावं, परत याल तेव्हा नक्की या, एकदा आला तेवढं पुरे. गंभीर विषय एकही निघाला नाही, साहित्यावर मात्र भरपूर बोललो.

हे शेवटचं वाचलं की मला गलबलून येतं. देशातले दोन सगळ्यात बुद्धिमान माणसं समोरासमोर बसलेत, देशाचं काय चाललंय हा विषय सोडून सगळं बोलतायत, कारण तो विषय काढायची सोयच उरलेली नाही.

आणि लगेच दहाबारा दिवसांनी ३१ डिसेंबरला एक कॉन्सल वारला तर सीझरनं उरलेल्या काही तासांपुरता कॅनिनियस रेबिलस नावाच्या माणसाला कॉन्सल केलं. एका मित्राला लिहिलेल्या पत्रातला सिसेरोचा विनोद प्रसिद्ध आहे, की याच्या कारकिर्दीत कोणी जेवलं नाही आणि हा इतका जागरूक कॉन्सल की पूर्ण मुदतीत डोळ्याला डोळा लागला नाही. पण त्याच पत्रात तो पुढे म्हणतो की तू इथे असतास तर तुला हसू आलं नसतं, रडला असतास. ज्या पदासाठी त्यानं आयुष्य घालवलं ते पद असं खिरापतीसारखं वाटलं जात होतं.

मग १५ मार्च ४४. सीझरचा खून झाला. कटात सिसेरो नव्हता, त्याला सांगितलंच नव्हतं. पण कटाचा एक म्होरक्या ब्रूटस यानं रक्ताळलेला खंजीर वर धरून सिसेरोचं नाव घेऊन ओरडून अभिनंदन केलं असं अँटनीनंच नंतर जाहीर केलं होतं. सिसेरोला आनंद झाला आणि त्यानं तो लपवलाही नाही, हे मला जरा टोचतं, कारण ज्याला तीन महिन्यांपूर्वी जेवू घातलं त्याच्या खुनाचा आनंद. पण त्याच्या डोक्यात हिशोब सरळ होता, एकटा माणूस कायमचा हुकूमशहा झाला म्हणजे आपलं सगळं जग संपलं.

दोन दिवसांनी १७ मार्चला टेलस देवीच्या देवळात सिनेट भरली, सिसेरोनं सगळ्यांना माफी द्या असं सांगितलं आणि तडजोड झाली, खुन्यांना शिक्षा नाही आणि सीझरचे सगळे निर्णय कायम. इथेच गोम होती. सीझरची कागदपत्रं गेली त्या वर्षीचा कॉन्सल असलेल्या अँटनीच्या ताब्यात, आणि मग रोज नवा ‘सीझरचा निर्णय’ निघायला लागला. कोणाला सवलत, कोणाला नागरिकत्व, ऑप्स देवीच्या देवळातल्या खजिन्यातून ७० कोटी सेस्टर्स गायब, असा सिसेरोचा आरोप. त्यानं अ‍ॅटिकसला लिहिलं की हे काम मर्दाच्या हिमतीनं केलं पण योजना पोराटोरांची होती. राजा मेला, राज्य तसंच.

८ जूनला अँटियमला बैठक झाली तिचं वर्णन तर प्रत्येकानं वाचावं. ब्रूटस, कटातला त्याचा जोडीदार कॅशियस, दोघांच्या बायका, आणि ब्रूटसची आई सर्व्हिलिया. सिनेटनं ब्रूटस आणि कॅशियसला धान्यखरेदीचं काम देऊन लांब पाठवायचं ठरवलेलं. कॅशियसचे डोळे रागानं पेटलेले, म्हणे मी सिसिलीला जाणार नाही. ब्रूटस खाली मान घालून तू म्हणशील ते. सिसेरोनं सुरू केलं की तुम्ही तेव्हाच सिनेट बोलवायला हवी होती, लोकांना हाताशी धरायला हवं होतं, तर सर्व्हिलियानं त्याला मधेच तोडलं की असलं काही मी आजवर कोणाकडून ऐकलं नाही! आणि तो धान्याचा ठराव मी बदलून घेते असंही तिनंच सांगून टाकलं. सिसेरो निघाला तो हेच म्हणत की फुटकं जहाज पाहून आलो, कशाचा कशाला मेळ नाही.

त्याला इटलीत राहायचंच नव्हतं खरं तर. मुलगा मार्कस अथेन्सला शिकत होता, त्याला भेटायचं आणि नवे कॉन्सल जानेवारीत येतील तेव्हा परत यायचं असा बेत. १७ जुलैला पॉम्पेईहून लहान लहान बोटींनी निघाला, बोटीत बसूनही एक पुस्तक लिहिलं, १ ऑगस्टला सिराक्यूज. पुढे निघाला तर वाऱ्यानं बोट परत ढकलली, रेजियमजवळ किनाऱ्याला लागला, आणि तिथे रोमहून ताजे आलेले लोक भेटले. बातम्या अशा की अँटनी जरा नरमलाय, सिनेट भरणार आहे, आणि शहरात लोक विचारतायत सिसेरो कुठे आहे. त्यात अ‍ॅटिकसचं पत्र हातात पडलं, की चांगल्या मरणाच्या गोष्टी करणारा तू, आणि देश सोडून निघालास? हे त्याला चांगलंच लागलं. लागणारच, कारण जा म्हणून आधी अ‍ॅटिकसच म्हणाला होता!

आणि सिसेरो मागे फिरला.

माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच आहे. कॅटिलाइनच्या वेळी तो कॉन्सल होता, हातात सत्ता होती. इथे हातात काहीही नव्हतं, पद नाही, सैन्य नाही, वय बासष्ट, आणि ग्रीसकडे तोंड करून बोट उभी होती. वारा फिरला म्हणून तो फिरला असं नाही म्हणता येणार, वारा दोन दिवसांनी परत बदलला असता. वाटेत वेलियाला ब्रूटस भेटला, तो देशाबाहेरच निघाला होता, आणि त्याच्याकडून कळलं की अँटनी नरमल्याची बातमी काही खरी नाही. तरी हा पुढे गेलाच. म्हणजे आधीचं फिरणं आशेवर होतं असं धरलं तरी वेलियापासून रोमपर्यंतचा प्रवास त्यानं सगळं माहीत असताना केला.

३१ ऑगस्टला तो रोममध्ये पोचला. दुसऱ्या दिवशी सिनेटला गेला नाही, प्रवासानं दमलोय म्हणून कळवलं, तर अँटनी भर सभेत म्हणाला कामगार पाठवून घर पाडतो त्याचं. २ सप्टेंबरला सिसेरोनं अँटनीवरचं पहिलं भाषण केलं, बरंच सभ्य शब्दांत. या भाषणांना तो स्वतः गमतीनं फिलिपिक म्हणायचा, डेमॉस्थेनीसनं मॅसेडोनियाच्या फिलिपविरुद्ध केलेल्या भाषणांवरून, एकूण चौदा आज आपल्याकडे आहेत. पहिल्याच्या शेवटी तो म्हणतो, वयाच्या हिशोबानं आणि नावाच्या हिशोबानं माझं जगून पुरेसं झालंय. दुसरं त्यानं कधी बोलून दाखवलंच नाही, लिहून ठेवलं आणि ऑक्टोबरमध्ये अ‍ॅटिकसला पाठवलं. त्यात अँटनीची सगळी अब्रू काढलीय, रात्रभर पिऊन सकाळी भर सभेत ओकला तिथपासून सीझरच्या डोक्यावर मुकुट ठेवायला गेला तिथपर्यंत, काही ठिकाणी तर इतकं खालच्या पातळीवर की वाचताना नको वाटतं. पण शेवट बघा: तरुणपणी मी या राज्याचं रक्षण केलं, म्हातारपणी सोडून जाणार नाही, कॅटिलाइनच्या तलवारींना भीक घातली नाही, तुझ्या तलवारींना भिणार नाही.

आता ऑक्टेव्हियन. सीझरनं मृत्युपत्रात दत्तक घेतलेला वारस, खून झाला तेव्हा अठरा वर्षांचा. एप्रिलमध्येच तो सिसेरोला भेटून गेला होता, खूप आदरानं. नोव्हेंबरमध्ये त्याची पत्रं रोज यायला लागली, मार्गदर्शन करा, गुप्तपणे भेटू, तुम्ही सांगाल तसं करतो. आणि एकीकडे बापाच्या जुन्या सैनिकांना माणशी ५०० दिनार देऊन फौज उभी करत होता. अँटनीनं ब्रुंडिझियमला आपल्या लीजनना (सैन्याच्या मोठ्या तुकड्यांना) १०० दिनार देऊ केले तर सैनिक हसले म्हणे. सैनिकाचा वर्षाचा पगार तेव्हा २२५ दिनार, म्हणजे पोरानं दोन वर्षांच्या पगाराहून जास्त पैसे एकरकमी हातावर ठेवले. दोन लीजन अँटनीला सोडून त्याच्याकडे गेल्या.

सिसेरो या पोराला भुलला असं म्हणणाऱ्यांना मी एकच पत्र दाखवेन. ऑक्टेव्हियननं रोममध्ये भाषण केलं आणि सीझरच्या पुतळ्याकडे हात करून शपथ घेतली की बापाला मिळालेले मान मलाही मिळोत. त्यावर सिसेरो अ‍ॅटिकसला लिहितो, असल्या माणसाच्या हातून माझी सुटका न झालेली बरी. हे नोव्हेंबर ४४ मध्ये! म्हणजे त्याला स्वच्छ दिसत होतं समोर कोण आहे ते. तरीही २० डिसेंबरला सिनेटमध्ये उभं राहून त्यानं त्याच पोराची स्तुती केली, आणि १ जानेवारी ४३ ला त्याला सिनेटर करा, सैन्याचा अधिकार द्या असा प्रस्ताव मांडला, वर आपला शब्द जामीन ठेवला की हा आज जसा नागरिक आहे तसाच कायम राहील, मी हमी देतो.

का? कारण अँटनी सैन्य घेऊन उत्तरेला गेला होता, मुटिनाला (आजचं मोडेना) डेसिमस ब्रूटसला (हाही सीझरच्या खुन्यांपैकी, पण आधीचा ब्रूटस वेगळा) वेढा घालून बसला होता, आणि सिनेटकडे स्वतःचं असं सैन्य नव्हतंच. मला वाटतं सगळं रडगाणं इथेच आहे. रोमचा सैनिक सिनेटचा राहिलेला नव्हता, पैसे आणि जमीन देईल त्या सेनापतीचा झाला होता, आणि हे ५०-६० वर्षं चाललेलं होतं. तुमच्याकडे फक्त शब्द आहेत आणि समोर तलवार आहे तर तलवार कोणाकडून तरी उसनी घ्यावीच लागते.

पण एक गोष्ट मी त्याला माफ करू शकत नाही. ज्या कायद्यासाठी तो लढत होता तोच त्यानं वाकवला. एकोणीस वर्षांच्या, कुठल्याही पदावर नसलेल्या मुलानं स्वतःच्या पैशानं उभी केलेली फौज ही सरळसरळ बेकायदा होती आणि सिसेरोनं तिला देशभक्ती म्हटलं. कॅशियसनं परस्पर सीरिया घेतला त्यालाही त्यानं पाठिंबा दिला. अँटनीशी बोलणी करावीत म्हणणारे पिसो आणि कॅलेनससारखे लोक सिनेटमध्ये होते, त्यांना त्यानं शेवटपर्यंत विरोधच केला. पोरानं फसवलं यापेक्षा माझ्या लेखी ही चूक जास्त मोठी, कारण पुढे ऑगस्टमध्ये ऑक्टेव्हियननं रोमवर चाल केली तेव्हा ते बेकायदा आहे असं सांगायची जागा सिसेरोकडे राहिली नाही.

ते काही महिने मात्र रोम हा माणूस चालवत होता, पद नसताना. गॉलमध्ये प्लँकसला, लेपिडसला, स्पेनमध्ये पोलियोला, आफ्रिकेत, मॅसेडोनियात ब्रूटसला, सगळीकडे पत्रं, कोणाला चुचकारायचं, कोणाला लाज आणायची, कोणाला धीर द्यायचा. एप्रिलमध्ये अँटनीविरुद्ध लढाई जिंकल्याची बातमी आली तेव्हा लोकांनी त्याला घरून मिरवत कॅपिटॉलवर नेलं. २१ एप्रिलला मुटिनाला अँटनी पुन्हा हरला आणि पळाला.

आणि तिथेच सगळं फिसकटलं. हर्टियस आणि पान्सा हे दोन्ही कॉन्सल त्या लढायांमध्ये गेले, दोन्हीच्या दोन्ही, त्यामुळे त्यांच्या फौजा आपसूक ऑक्टेव्हियनकडे आल्या. सिनेटला वाटलं संकट टळलं, आता पोराची गरज नाही, विजयाची मिरवणूक डेसिमसला दिली, सैनिकांच्या बक्षिसासाठी जी दहा जणांची समिती नेमली तिच्यात ऑक्टेव्हियनला घेतलंच नाही. सिसेरोचं एक वाक्य त्याच्या कानावर गेलं, की या पोराची स्तुती करावी, मान द्यावा आणि उचलावं. उचलावं म्हणजे वर चढवावं की दूर करावं, दोन्ही निघतं. डेसिमसनंच २४ मेच्या पत्रात सिसेरोला कळवलं की तो हे ऐकून म्हणालाय, मी कोणाला मला उचलू देणार नाही. २९ मेला लेपिडस अँटनीला मिळाला. ब्रूटसला सिसेरो परत परत लिहितोय की सैन्य घेऊन इटलीत ये, तो येत नाही. २७ जुलैच्या पत्रात तो कबूल करतो की त्या पोरासाठी देशाला जो शब्द दिला तो पाळता येईल असं आता दिसत नाही. त्याचं आपल्यापर्यंत आलेलं हे शेवटचं पत्र.

पुढचं मी भरभर सांगतो कारण लिहायला नको वाटतं. १९ ऑगस्टला ऑक्टेव्हियन कॉन्सल झाला, विशी पुरी व्हायच्या आत. नोव्हेंबरमध्ये बोनोनियाजवळ नदीतल्या एका बेटावर अँटनी, लेपिडस आणि तो भेटले आणि मारायच्या लोकांची यादी केली. ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो की ऑक्टेव्हियन दोन दिवस सिसेरोसाठी भांडला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं नाव सोडलं. सिसेरो समुद्रमार्गे ब्रूटसकडे जायला निघाला होता, बोटीत चढला, उतरला, रोमच्या दिशेनं काही अंतर चालत गेला, परत आला. भाऊ क्विंटस प्रवासाचे पैसे आणायला मागे गेला तर तो आणि त्याचा मुलगा दोघं मारले गेले. ७ डिसेंबर ४३ ला फॉर्मियाच्या घरातून नोकर त्याला पालखीत घालून किनाऱ्याकडे नेत होते तेव्हा हेरेनियस नावाच्या सेंच्युरियननं (सैन्यातल्या अधिकाऱ्यानं) गाठलं. सिसेरोनं पालखी खाली ठेवायला सांगितली आणि मान पुढे केली. चौसष्टावा वाढदिवस महिन्यावर होता. अँटनीच्या हुकमावरून डोकं आणि हात कापून रोममध्ये जिथून तो भाषणं करायचा त्या व्यासपीठावर लावले.

१३४५ साली इटलीच्या व्हेरोना शहरात कवी पेट्रार्कला अ‍ॅटिकसला लिहिलेली ही पत्रं सापडली. तो सिसेरोला देव मानायचा, आणि वाचून इतका दुखावला की त्यानं मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहिलं, की या वयात तुला ही भांडणं कशाला हवी होती, शांतपणे तत्त्वज्ञान लिहीत बसला असतास तर काय बिघडलं असतं. मला पेट्रार्कचं दुःख कळतं, पण त्याचं म्हणणं पटत नाही. म्हातारपणावर, कर्तव्यावर लिहिणारा माणूस तोच आणि बोट फिरवून रोमला येणाराही तोच, यातला एक ठेवून दुसरा नको असं कसं म्हणणार? कर्तव्यावरचं पुस्तक तर त्यानं याच भांडणांच्या मधोमध, ४४ च्या शरदात, मुलासाठी लिहिलंय.

तो मुलगा मार्कस इटलीबाहेर होता म्हणून वाचला, ब्रूटसच्या सैन्यात लढला, आणि इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियननंच त्याला आपल्याबरोबर कॉन्सल केलं. अँटनीचे पुतळे पाडायचा ठराव त्याच्याच कारकिर्दीत झाला.

कोणाला वाचायचं असेल तर फिलिपिक्सपासून सुरुवात करू नका असं मी सांगेन. अ‍ॅटिकसला लिहिलेली ४४ च्या एप्रिल ते नोव्हेंबरची पत्रं आधी घ्या, जाऊ की नको, या पोराला हो म्हणू की नाही, तू सांग, असं रोजच्या रोज चाललेलं. नोव्हेंबरात ती पत्रं थांबतात. मधे रोमबाहेर गेलेला तो डिसेंबरात परत रोमला आला, आणि त्यानंतर जे बोलला ते सिनेटसमोर आणि लोकांसमोर.